पुळण आणि कातळ: लांब फेकीसाठी रॉड-रीलची निवड

मासेमारीच्या या फेरीत किनारा दोन तऱ्हेचा होता. आधी लांबच लांब उथळ पुळण आणि तिच्या टोकाला पाण्यात घुसलेला कातळ. ल्यूर (गळ लावलेलं नकली आमिष) टाकणाऱ्याची खरी परीक्षा पुळणीवर होते, कारण तिथे मासा पायाशी येत नाही. सुकती (ओहोटी) लागली की वाळूच्या दांड्याच्या बाहेरच्या अंगाला, लाट पहिल्यांदा फुटते त्या रेषेवर, बारीक माशांचे थवे जमतात आणि शिकारी मासे तिथेच घिरट्या घालतात. आमच्या पुढ्यात ही रेषा पाण्याच्या कडेपासून साधारण ७० मीटरवर होती. फेक ६० मीटरवर पडली की ल्यूर दांड्याच्या अलीकडच्या गढूळ पाण्यातूनच फिरून परत यायचं. सगळा हिशेब त्या १० मीटरांचा.

हे अंतर डोळ्यांनी मोजायला जाऊ नका, पाण्यावर अंदाज हमखास फसतो. हँडलच्या एका फेऱ्यात किती लाइन येते हे रीलच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. ४००० आकाराच्या, ६.२:१ गिअरच्या (हँडलच्या एका फेऱ्याला लाइन गुंडाळणारा भाग ६.२ वेळा फिरतो अशा) रीलला ते सुमारे १०० सेंमी असतं. ल्यूर पडल्यावर ढिली लाइन आवरा आणि फेरे मोजा. लिहिलेला आकडा भरलेल्या स्पूलचा (लाइन गुंडाळलेल्या फिरकीचा) असतो. लाइन बाहेर गेली की स्पूलचा घेर घटतो, शिवाय वाऱ्याने लाइनला झोळ पडतो. म्हणून ८० फेरे भरले तर फेक ७० मीटरच्या आसपास धरावी.

खरेदीला निघालेले बहुतेक जण रॉडपासून सुरुवात करतात. आधी ल्यूर ठरवायला हवं. सगळ्यात लांब जातो तो ४० ग्रॅमचा धातूचा जिग, पण कमरेएवढ्या पाण्यात तो पडल्या पडल्या वाळूत बसतो. मिनो (बारीक माशाच्या आकाराचा ल्यूर) छान पोहतो, पण हवेत भेलकांडतो. ज्या मिनोच्या पोटातलं वजन फेकताना शेपटीकडे सरकतं, तोच घ्यावा. फेकण्याआधी रॉड मागे नेताना क्षणभर थांबलात तर ते वजन ‘टक्’ करून मागे बसल्याचं जाणवतं. ते बसलं नाही तर ल्यूर कोलांट्या खात जातो आणि १५-२० मीटर सहज गमावतो. पुळणीवर मधला मार्ग म्हणजे २८ ते ३५ ग्रॅमचा बुडणारा पेन्सिल (सरळ कांडीसारखा ल्यूर). जिगच्या जवळपास जातो आणि रॉडचं टोक वर धरून सावकाश ओढला तर वरच्या थरात राहतो.

ल्यूर ठरला की रॉडवरचा वजनाचा पल्ला वाचायचा. ‘२० ते ६० ग्रॅम’ लिहिलेला रॉड २० ग्रॅमला नीट वाकतच नाही, आणि ६० ग्रॅमला पूर्ण जोर लावला तर गचके खातो. खरी फेक वरच्या आकड्याच्या ६० ते ७५ टक्क्यांवर मिळते, म्हणजे इथे ३६ ते ४५ ग्रॅम. नेहमीचा ल्यूर ३० ग्रॅमचा असेल तर १५ ते ४५ ग्रॅमचा रॉड त्याला जास्त लांब नेईल, मग दिसायला तो कितीही मवाळ असो. काही रॉडवर जिगसाठी एक आणि प्लगसाठी (मिनो, पॉपर यांसारख्या ल्यूरसाठी) दुसरा, कमी आकडा असतो. प्लगला हवेचा आणि पाण्याचा रोध जास्त, म्हणून. मिनो-पॉपर टाकणाऱ्याने दुसरा आकडा पाहावा.

लांबीचा मोह फार. सोबत साडेनऊ, १० आणि ११ फुटी असे तिन्ही रॉड होते. सकाळी ताज्या हातांनी ११ फुटी पुढे राहिला. शिवाय त्याने लाइन कडेच्या लाटांवरून उचलून धरता येते, हा त्याचा खरा फायदा. ऊन चढलं, समोरून वारा सुटला आणि चित्र पालटलं. लांब रॉड वाऱ्याविरुद्ध फिरवायला जड जातो, हाताचा वेग पडतो आणि वेग पडला की अंतरही पडतं. १० फुटी शेवटपर्यंत तीच फेक देत राहिला. एकच रॉड घ्यायचा असेल तर १० फुटी घ्या. ११ फुटी उंच लाटांच्या किनाऱ्यासाठी आणि दणकट खांद्यांसाठी.

लांबीइतकंच महत्त्व मुठीच्या मागच्या दांड्याला आहे. लांब फेक दोन हातांची असते. वरचा हात ढकलतो, पण वेग येतो तो खालच्या हाताने बुंधा छातीकडे खेचल्यामुळे. रीलचा पाय बोटांत धरून रॉड हाताला टेकवा. बुंधा कोपराच्या थोडा पुढे पोचला पाहिजे. आखूड असेल तर खालच्या हाताला तरफच मिळत नाही. फार लांब असेल तर ल्यूर नाचवताना जॅकेटमध्ये अडकतो. विकत घेताना रील लावून पाहा. रॉड झटकून एकदम थांबवा आणि टोक बघा. एक-दोन हेलकाव्यांत स्थिरावलं तर ठीक. थरथरत राहणारं टोक लाइनला गाइडवर (रॉडवरच्या कड्यांवर) आपटवतं आणि अंतर तिथेच गळतं.

आता लाइन. हातातला रॉड न बदलता अंतर वाढवायचं तर पहिला हात इथे घालावा. ब्रेड म्हणजे विणलेली लाइन आणि पीई हा तिच्या जाडीचा क्रमांक. पीई २ ब्रेडची जाडी साधारण ०.२३५ मिमी, १.५ ची ०.२०५, १.२ ची ०.१८५. बारीक लाइन गाइडमध्ये कमी घासते आणि वाऱ्यातही कमी अडते. पुळणीवर अडकायला खडक नाहीत, तेव्हा ८ पदरी पीई १.२ पुरे. लीडर (ब्रेड आणि ल्यूर यांच्यामधला लाइनचा तुकडा) ३० पौंडी फ्लुरोकार्बन, लांबी १ ते १.५ मीटर. ब्रेड-लीडर जोडणारी गाठ एफजीच (बारीक, विणीची) हवी. जाड गाठ टोकाच्या गाइडला ठेचकाळली की दर फेकीला थोडं अंतर जातं, आणि एखाद्या फेकीला ल्यूरही जातो.

बारीक ब्रेडचं दुखणं म्हणजे हवेत पडणारी गुंतवळ. दोष लाइनला दिला जातो, पण मूळ स्पूलवर असतं. ल्यूर पडल्यावर बेल (रीलवरची उघडमिट होणारी तारेची कमान) हँडल फिरवून मिटवली की पहिले चार-पाच फेरे ढिले बसतात. त्यावर पुढची लाइन घट्ट बसते. पुढच्या फेकीत वरची लाइन सुटताना खालचा ढिला फास सोबत उचलते आणि पहिल्या गाइडपाशी गोळा होतो. उपाय साधा आहे. ल्यूर पाण्याला टेकण्याच्या क्षणी स्पूलच्या कडेला बोट लावून लाइन थांबवा, बेल हाताने मिटवा, रॉड थोडा मागे घेऊन लाइन ताणा, मगच हँडल फिरवा. गुंतवळ पडलीच तर ओढू नका. फासाचं मूळ सुईच्या टोकाने सैल करत गेलात तर बहुतेकदा निघते. ओढलीत तर कात्रीच.

रील ४००० किंवा ५००० आकाराची घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे जुळत नाहीत, म्हणून वजन आणि लाइनची क्षमता ताडून पाहा. पीई १.५ ची ३०० मीटर मावली पाहिजे. स्पूल कडेपासून दीड ते दोन मिमी खाली इतका भरलेला हवा. त्याहून कमी भरला असेल तर लाइन कडेवर घासत सुटते, जास्त भरला असेल तर वेटोळी एकदम सांडतात. ब्रेड थेट स्पूलवर गुंडाळू नका, सगळा गठ्ठाच गरगर फिरतो. खाली थोडी नायलॉन लाइन द्या आणि ब्रेड ओल्या फडक्यात दाबून ताणावर भरा. वेगवान गिअर पुळणीवर सोयीचा, लाटेने आलेली ढील पटकन आवरते. पॉपर आणि पाणी कापणारे खोल मिनो मात्र त्यावर जड जातात.

एक बारकावा लिहायलाच हवा, कारण यात ल्यूर जातात. फेकताना बेल मध्येच मिटली तर ४० ग्रॅमचा जिग लाइन तोडून सुसाट जातो. रोटर (स्पूलभोवती फिरणारा भाग) अशा जागी थांबवा की लाइन रोलर (बेलच्या टोकाचं, लाइन वळवणारं चाक) स्पूलच्या वर, बोटाच्या बरोबर खाली येईल. मग बेल उघडा. ल्यूर टोकापासून ८० ते १०० सेंमी लटकू द्या. मागे माणूस किंवा विजेची तार नाही हे दर वेळी पाहा, कार्बनचा रॉड वीजवाहक असतो. समोरून वारा असेल तर फेक सपाट ठेवा. पाठीशी असेल तर उंच सोडा.

कातळावरचं गणित वेगळं. पायाशीच ५-६ मीटर पाणी होतं आणि मासे फेसाच्या कडेने लागत होते. तिथे अंतरापेक्षा मासा वर काढणं अवघड. लाइन पीई २, लीडर ४० ते ५० पौंडी आणि २ मीटर लांब. घासण्याची भीती असेल तिथे ४ पदरी ब्रेड जास्त टिकते. ड्रॅग (मासा ओढू लागला की लाइन सोडणारा रीलचा ब्रेक) लाइनच्या ताकदीच्या चौथ्या भागावर, वजनकाट्याने ओढून लावा. ३० पौंडी लाइनला साधारण ३.५ किलो. मासा पायाशी आला की रॉड उभा धरायचा मोह आवरा. सगळा ताण टोकावर येतो आणि कार्बन तिथेच तुटतो. मासा रॉडने उचलू नका, जाळी किंवा गॅफ (दांड्याला लावलेला आकडा) वापरा. खाली उतरण्याआधी किमान १५-२० मिनिटं लाटा बघत उभं राहा, कारण मोठी लाट मधूनच येते. लाइफ जॅकेट आणि खिळ्यांचे बूट नसतील तर कातळ सोडून द्या.

परतल्यावर रील धुताना ड्रॅग पूर्ण घट्ट करा, नळाच्या संथ धारेखाली धरा, पाण्याचा फवारा मारू नका. दाबाने खारं पाणी आत शिरतं. सुकली की ड्रॅग ढिला करा. लाइन रोलर बोटाने फिरवून पाहा. घरघर लागली असेल तर पुढच्या फेरीआधी त्याचं बेअरिंग बदला, नाहीतर लाइनला पीळ पडायला लागतो. गाइडच्या कड्यांतून कापूस फिरवा. धागे अडकले तर कडं चिरलंय, आणि तेच ब्रेड कापत असतं.