पुन्हा सप्टेंबर, पुन्हा शनिवार
आज शिकागोजवळच्या नेपरव्हिलला नॉर्थ सेंट्रल कॉलेजचा या मोसमातला घरचा पहिला अमेरिकन फुटबॉल सामना पाहिला. हे डिव्हिजन थ्री, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा तिसरा स्तर, इथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. अभ्यास सांभाळून ही पोरं अंगावर धडका घेतात, त्याचंच मला फार कौतुक. २०१९, २०२२, २०२४ अशी राष्ट्रीय विजेतेपदं मिळाली, पण मनात रुतलाय तो २०२३ चा अंतिम सामना. शेवटी आपलं टचडाउन झालं, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन सहा गुण मिळाले, मग बरोबरीचा एक गुण न घेता जिंकायला दोन गुणांचा डाव टाकला, तो फसला. प्रतिस्पर्धी कॉर्टलंड कॉलेज ३८, आपण ३७. त्या रात्री झोपच लागली नाही.

आज लाल जर्सी मैदानात धावत आल्या आणि घसा दाटून आला. शेजारच्या आजोबांनी नातवाचा नंबर दाखवला. मग चारही क्वार्टर आम्ही दोघं त्याच्याच नावाने ओरडत होतो!