तुम्ही विचारलंत म्हणून: किडे दाखवले तर पोरं भाजी खाणं सोडतील का?

पालकसभा असो नाहीतर लग्नात भेटलेली एखादी ताई, हा प्रश्न मला येतोच. मॅडम, पहिली-दुसरीच्या एवढ्याशा पोरांना भाजीवरचे किडे कशाला दाखवता, आधीच भाजी बघून तोंड वाकडं करतात, त्यात किळस बसली तर संपलंच की. काळजी खरी आहे म्हणून नीट सांगते.

मी अमरावती जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेमागे परसबाग आहे, चार वाफे आणि कुंपणावर चढलेला कोहळ्याचा वेल, तुमच्याकडे लाल भोपळा म्हणत असतील. शनिवारी सकाळची शाळा असते आणि किड्यांचा तास मी शनिवारीच घेते, कारण कोहळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं, रोजच्या शाळेच्या वेळेला बघायला काही उरतच नाही. साडेसातला गेलं की मधमाश्या फुलात शिरलेल्या असतात, अंगभर पिवळी पूड. नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, मादी फुलाखाली आधीच बोराएवढं कोहळं असतं, हे पोरांना दाखवलं की ती वेलभर मोजत फिरतात. एकदा आम्ही दोन मादी कळ्यांवर आदल्या संध्याकाळी मलमलच्या पिशव्या बांधल्या, मधमाशी आत जाऊ नये म्हणून. काही दिवसांत ती दोन्ही बारकी कोहळी पिवळी पडून गळली आणि शेजारचं मात्र फुगत गेलं. पोरं गप्प झाली होती बघून. त्यानंतर मधमाशी दिसली की चप्पल उचलणारं पोरगं माझ्या वर्गात उरलं नाही.

पण खरी मजा बरबटीच्या वाफ्यावर. बरबटी म्हणजे चवळीच्या शेंगा. कोवळ्या शेंड्यावर काळा मावा, म्हणजे अगदी बारके किडे, बसतो, खचाखच, आणि त्यावर मुंग्यांची ये-जा चालू असते, कारण मावा रस पितो आणि गोड चिकटा टाकतो, तो मुंग्यांना हवा असतो, म्हणून मुंग्या माव्याची राखण करतात. हे सांगितलं की पोरं भिंगासाठी भांडतात. आणि मग येतो लाल, ठिपक्यांचा ढालकिडा, माव्याचा फडशा पाडणारा. त्याला सगळे ओळखतात, पण त्याचं पिल्लू कोणी ओळखत नाही, काळं, लांबुळकं, अंगावर नारिंगी ठिपके, बारक्या मगरीसारखं दिसतं. एका पोराने ते कीड समजून चिरडलं आणि मी सांगितल्यावर रडवेला झाला. मोठी माणसंसुद्धा हेच करतात हो, औषध मारून टाकतात, आपलीच राखण करणारा मारतात. आम्ही तो शेंडा तसाच ठेवला, पिल्लं पानाला चिकटून कोषात गेली आणि दोन-तीन आठवड्यांत त्याच वाफ्यावर नवे ढालकिडे फिरायला लागले.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. सुरुवातीच्या वर्षी मी पोरांना एका ओळखीच्यांच्या शेतात नेलं, वाल तोडून खायला सांगितलं, आणि दोघा-तिघांनी खाल्ल्यावर कळलं की आदल्या दिवशीच फवारणी झालेली. चूळ भरायला लावली, हात-तोंड धुतलं, दवाखान्यात नेलं, काही झालं नाही पण ती रात्र मला झोप नव्हती. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, ते आम्ही सगळ्यांनी जवळून ऐकलेलं. तेव्हापासून आमचा नियम एकच, आधी विचारायचं, मग धुवायचं, मग खायचं. केसाळ अळीला हात लावायचा नाही हे वेगळं. आणि फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचे रंगीत त्रिकोण शिकवते, लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा, आणि हिरवा असला तरी ते औषधच, त्याला हात नाही. रंग तर पहिलीत शिकवायचेच असतात ना. भोक पडलेलं पान म्हणजे बिनफवारणीचं पान असं काहीजण पोरांना सांगतात, मी नाही सांगत, कारण अळी खाऊन गेल्यावरही फवारणी होते. पोरांना अर्धवट खरं का सांगायचं?

आता खाण्याचं. आधी शाळेच्या खिचडीतलं हिरवं ताटाच्या कडेला लागायचं, आणि मधल्या सुट्टीत पाच रुपयांची पाकिटं. ती पाकिटं पूर्ण बंद झाली असं म्हटलं तर खोटं होईल. पण आपल्या वाफ्यातली बरबटी खिचडीत पडली की पोरं ताटात ती शोधतात, ही माझ्या ओळीतली, ही तुझ्या ओळीतली. जे झाड त्यांनी मुंग्यांपासून ढालकिड्यांपर्यंत सगळ्यांसोबत बघितलं त्याचा घास ती टाकत नाहीत, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता किड्यांचा तास आणि जेवणाचा तास मला वेगळे करताच येत नाहीत. दोघं-तिघं अजूनही वांगं बाजूला काढतात, त्यांना मी बळजबरी करत नाही.

दुसरीतल्या एका पोराची आई मागे तक्रार घेऊन आली होती. मेथी निवडायला बसलं की हा शेजारी येऊन बसतो, प्रत्येक पान उलटं करून बघतो, अर्धा तास घालवतो, अळी सापडली की हळूच कुंडीत नेऊन सोडतो. मी विचारलं, आणि भाजी? ती म्हणाली, खातो ना, मी निवडली म्हणतो आणि आधी स्वतःच वाढून घेतो.