अजगराची कवटी जोडताना

दोन दिवसांत जोडते, असं सरांना सांगून बसले होते. त्याआधी मांजराची कवटी साफ केली होती, त्या जोरावर.

प्राणिसंग्रहालयात मेलेल्या अजगराचं डोकं रीतसर परवानगीने आमच्या विभागात आलं होतं. कातडी आणि मांस सोलताना तोंडाच्या तळाशी एक नळी दिसली. श्वासनलिका, आणि तिचं तोंड पार पुढे, जवळजवळ दातांपाशी! घशात भक्ष्य अडकलेलं असताना साप ती पुढे सरकवून श्वास घेतो. कवटीत यातलं काहीच उरत नाही, म्हणून आधी फोटो काढून ठेवले.

मग डोकं कोमट पाण्यात कुजत ठेवलं. उकळायचं नाही, चरबी हाडात मुरते. वासाबद्दल न लिहिलेलंच बरं. काही आठवड्यांनी पाणी गाळलं, तर गाळणीत कवटी नव्हतीच. मेंदूची डबी तेवढी अखंड, बाकी सुट्या हाडांचा आणि दातांचा ढीग. मांजराच्या कवटीची हाडं शिवणींनी घट्ट जुळलेली असतात. इथे जबड्याची सगळी हाडं अस्थिबंधांवर आणि स्नायूंवर लटकलेली. ते कुजले की संपलं.

साबणाच्या पाण्यातून आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमधून काढून जोडायला बसले. डावं-उजवं ओळखण्यातच अर्धा दिवस गेला. शेवटी दात कामी आले, सगळे मागे वळलेले. खालच्या जबड्याच्या दोन फांद्या पुढे जुळवून डिंकाने चिकटवल्या. मागची टोकं काही केल्या जागेवर बसेनात. सर आले, पाहिलं, म्हणाले, "याला हनुवटी आहे असं कुणी सांगितलं तुला?"

सापात या दोन फांद्या पुढे हाडाने जुळलेल्याच नसतात, मध्ये ताणणारा बंध असतो. डिंक काढला, मध्ये रबराचा दोरा बांधला. मागे प्रत्येक फांदी क्वाड्रेट नावाच्या लांबट हाडाला टांगलेली असते, आणि ते हाडही वरच्या बाजूला झुलतं असतं. म्हणजे एका बिजागरीला दुसरी बिजागरी. साप जबडा निखळवतो असं मीही आजवर सांगत आले होते. निखळायला आधी घट्ट बसवलेलं असावं लागतं ना!

वरच्या जबड्यात दर बाजूला दातांच्या दोन रांगा, एक कडेला, एक टाळूवर. करंगळी आत घातली, सहज गेली. काढताना कातडीत दात रुतले. गिळताना साप एक बाजू पुढे सरकवतो, दात रोवतो, मग दुसरी बाजू. तोंड भक्ष्यावरून चालत जातं म्हणा ना.

विषदंत अजगराला नसतातच. ते पाहायला सरांनी घोणशीची जुनी कवटी दिली, बंध शाबूत ठेवलेली. पाण्यात भिजवून टाळूचं हाड सुईने पुढे ढकललं, आणि मिटलेला लांब दात चाकूच्या पात्यासारखा उघडला. दात स्वतः हलत नाही; तो ज्या आखूड हाडावर बसलाय, ते फिरतं. नागाचे दात आखूड आणि तोंडात पुढे कायम उभे, त्यामुळे मिटायची गरजच नाही.

दोन दिवसांचे अकरा झाले. नाकाच्या टोकाचं इवलंसं दातवालं हाड सर्वांत शेवटी, गाळणीच्या जाळीत सापडलं. तरी काही दात उरलेच. सापाचे दात आयुष्यभर पडतात नि नवे येतात, तेव्हा कुठला कुठे होता हे कोण सांगणार? कवटीशेजारी लहान डबीत ठेवलेत, वर चिठ्ठी: "उरलेले".