बुटीकमध्ये दोन रात्री

आमच्या सांगलीत बुटीक म्हणजे ब्लाउज शिवायचं दुकान. साधा टेलर दोनशे घेतो तिथं हे आठशे घेतात आणि तरी मागं लटकन सुटलेलंच असतं. त्यामुळं लेकीनं पुण्याहून फोन केला की आई तुमच्या २५व्या ॲनिव्हर्सरीला पणजीत बुटीक हॉटेल बुक केलंय, दोन रात्री, तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं ते हेच, की अगं तिथं शिवून पण देतात का. ती हसली. म्हणाली, आई, बुटीक म्हणजे छोटं, वेगळं, प्रत्येक खोली निराळी, तू फक्त जा.

भाडं तिनं सांगितलं नव्हतं. ह्यांनी तिच्याकडून काढून घेतलं. एका रात्रीला साडेअकरा हजार, आणि साडेसात हजाराच्या वरच्या खोलीला १८ टक्के जीएसटी, म्हणजे दोन रात्रींचे २७,१४० रुपये. आमचे हे बांधकामाचे कॉन्ट्रॅक्टर आहेत, सगळ्या जगाचा हिशोब त्यांच्या मापात होतो. "तेवढ्यात एका बाथरूमच्या टाइल्स होतात, फिटिंगसकट." मी म्हणलं पोरीनं तिच्या पगारातून दिलेत, तुम्ही गाडीत बसा.

नोव्हेंबर संपत आला होता. अंकलीचा पूल, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली. घाटात थांबून कणीस खाल्लं, भडंगाचा डबा तर गाडी सुरू झाल्यापासूनच उघडा होता. सावंतवाडी, बांदा करत संध्याकाळी मांडवीवरच्या त्या नव्या केबलच्या पुलावरून पणजीत उतरलो. पुलाचं २०१९ ला उद्घाटन झालंय आणि सगळी लांबी धरली तर पाच किलोमीटर भरतो. हे पूल बघत बसले आणि उतरायचा रस्ताच चुकले, मग परत फिरून आलो.

हॉटेल फोंतैन्यात. पणजीचा जुना पोर्तुगीज भाग, अल्तिन्हो टेकडीच्या पायथ्याला, तिथल्या झऱ्यावरून हे नाव पडलंय. गल्ल्या एवढ्या अरुंद की आमची गाडी आत गेलीच नाही, खाडीच्या बाजूच्या रस्त्याला लावून बॅगा ओढत चालत आलो. घरं पिवळी, निळी, शेंदरी, आणि कडेनं पांढरा पट्टा. पावसाळा संपला की लोक परत रंग देतात, त्यामुळं आम्ही गेलो तेव्हा सगळं नुकतंच न्हाऊन आल्यासारखं दिसत होतं. आणि दर दुसऱ्या दारासमोर एक मुलगी फ्रॉक घालून उभी, समोर मोबाईल धरून तिचा नवरा किंवा कोण असेल तो. काही घरांवर पाट्याच लावल्यात की इथं फोटो काढू नका. बरोबर आहे की, आपण दारात भांडी घासायला बसावं आणि समोर कोणीतरी प्री-वेडिंग करतंय.

हॉटेल म्हणजे एक जुनं दुमजली घर. लिफ्ट नाही. लाकडी जिना, कुरकुरणारा. खोलीची किल्ली पितळेची, वीतभर. दार उघडलं आणि मी तिथंच थांबले, कारण खाली लाल कोबा होता. गुळगुळीत, थंड, कडेला काळी पट्टी, डिट्टो आमच्या माहेरच्या माजघरासारखा. चप्पल काढून मी नुसती पाय घासत फिरले खोलीभर. ह्यांनी बसून नखानं खरवडून बघितलं. "रेड ऑक्साईड. असला घालणारे गवंडी आता मिळत नाहीत." मग भिंत ठोकली, जांभा, वर चुन्याचा गिलावा. मग मान वर करून तुळया मोजल्या. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचं हृदय काढून ठेवलं होतं त्याच्याकडं यांचं अजून लक्षच नव्हतं, शेवटी त्याच्यावरच बॅग ठेवली.

इथं माझ्या माहेरचं सांगायला पाहिजे. गावभागात आमचा वाडा होता, दोन चौकी, पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी खांब. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली, ४५ ला धोक्याची पातळी असते, त्यावरून काय ते समजा. वाड्यात माडीच्या चौथ्या पायरीपर्यंत पाणी. पाणी उतरल्यावर भिंती फुगून बसल्या होत्या, एक तर आपोआप पडली. चुलत्यांची आणि भावाची बैठक झाली, पाडायचं ठरलं आणि पाडायचं काम कुणाला, तर घरचाच जावई कॉन्ट्रॅक्टर. तीन दिवसांत जेसीबीनं सपाट. खांब, तुळया, कड्या घातलेलं मोठं दार जुन्या लाकडाचा व्यापारी ट्रकात घालून घेऊन गेला. मी तेव्हा काही बोलले नाही, बोलण्यासारखं नव्हतंच, माणसं जिवंत होती हेच खूप. दुरुस्तीला किती लागले असते ते हे आजही तोंडपाठ सांगतात. मी विचारत नाही, तरी सांगतात.

असो. खोली.

खोलीचा सगळ्यात भारी भाग म्हणजे खिडकी. काच नाही, शिंपले. चपटे शिंपले चौकोनी कापून लाकडाच्या चौकटीत ओळीनं बसवलेत, एकेक तुकडा बिस्किटाएवढा. जुन्या काळी तिकडं काच महाग, शिंपले फुकट, म्हणून ही पद्धत. हात लावला तर कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर जाणवतात आणि एका कोपऱ्यातला तुकडा निघाला होता तिथं पुठ्ठा लावला होता. सकाळी साडेसहाला त्यातून जो उजेड आला ना, दुधात पाणी घातल्यासारखा, ऊन नाही आणि अंधार पण नाही. मी अर्धा तास नुसती पडून राहिले. घरी या वेळेला कुकरच्या दोन शिट्ट्या झालेल्या असतात. खालून पों पों हॉर्न वाजला, पाववाला पोदेर सायकलवरून चालला होता.

आता वाईट सांगते. बाथरूमला भिंतीऐवजी काच. आरपार. पडदा नाही. २५ वर्षं संसार झाला म्हणून काय झालं, काहीतरी मर्यादा पाहिजे की नको? एकजण आत गेला की दुसऱ्यानं गॅलरीत जाऊन उभं राहायचं, असं आम्ही दोन दिवस काढले. शेजारच्यांना वाटलं असेल या लोकांना गॅलरी फार आवडलीय. आणि आत बाथटब आहे, शॉवर आहे, तीन प्रकारचे साबण, पण बादली-मग नाही. रिसेप्शनच्या मॅडमनं बादली हा शब्द असा ऐकला की मी जणू म्हैस बांधायला जागा मागितली. नंतर वरकाम करणारा मुलगा, दोडामार्गचा, हळूच निळी बादली घेऊन आला आणि म्हणाला, "घेवा, पण मॅडमाक सांगू नकात." त्याला निघताना ह्यांनी पाचशे दिले. टाइल्सचा हिशोब करणाऱ्या माणसानं. मला बरं वाटलं.

नाश्ता मात्र नंबर एक. गरम पोई म्हणजे तिकडचा कोंड्याचा पाव, लोणी, पातळ भाजी, शेवटी बेबिंका, म्हणजे गोव्याचा थराथरांचा गोड केक, त्याचा एक तुकडा, त्याचे थर मी सुरीनं सोडवून मोजत बसले, सात होते. ह्यांनी पोहे मागितले, नव्हते, मग दोन पोई जास्त खाल्ल्या. फिरलो फार नाही. गल्लीच्या टोकाला सेंट सेबॅस्टियनचं छोटं चॅपेल आहे, तिथल्या क्रुसावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत, एरवी मिटलेले असतात. तो क्रूस आधी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. समोर उभं राहिल्यावर तो सरळ आपल्याकडंच बघतो. हे बाहेर येऊन बराच वेळ गप्प होते.

नाश्ता अंगणात असायचा आणि अंगणाच्या मधोमध एक दगडी उखळ. त्यात पाणी, पाण्यात जास्वंदीची फुलं, वरून पिवळा लाइट सोडलेला. लोक त्याचा फोटो काढत होते. मी चहा पीत पीत बघत होते आणि मला आठवलं की आजीचं उखळ तेवढं मी जेसीबीच्या पुढ्यातून उचलून आणलं होतं, चटणी कुटायचं, एका बाजूनं झिजलेलं. ते आमच्या टेरेसवर पाण्याच्या टाकीखाली सहा-सात वर्षं उपडं पडलंय. मी ह्यांना म्हणलं. ते म्हणाले, "यालाच साडेअकरा हजार घेतात होय."

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी साइटवरची दोन पोरं बोलावून ते खाली आणलं. मला हॉलमध्ये पाहिजे होतं, हे म्हणाले स्लॅबचं ठीक आहे पण स्टाइल फरशी तडकेल, हॉल तरी केवढा, ११ बाय १४. मग पार्किंगमध्ये लिफ्टशेजारी ठेवलं, पाणी भरलं, फुलं घातली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ग्रुपवर डेंग्यूचा मेसेज टाकला. पाणी ओतून टाकलं. आता वॉचमन ते उलटं करून त्याच्यावर बसतो.