तिसरं नाव

मी इथे नेदरलँड्समध्ये संशोधन करते. गेल्या गुरुवारी माझ्या शोधनिबंधाचा, पेपरचा, मसुदा प्राध्यापकांकडून तपासून आला. आकृत्यांवर नेहमीसारखे लाल शेरे होते, पण पहिला शेरा लेखकांच्या यादीवर होता. वर्कशॉपच्या काकांचं, म्हणजे आमच्या यंत्रांचे भाग कापून देणाऱ्या इथल्या कारागिराचं, नाव मी शेवटी आभारात घातलं होतं. त्याखाली रेघ मारून प्राध्यापकांनी लिहिलं होतं, ‘हे इथे का? लेखकांत घ्या, तिसरं.’ मी लॅपटॉप मिटला आणि खाली कालव्याच्या काठावर जाऊन दहा मिनिटं नुसती उभी राहिले.

माझे बाबा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये सत्तावीस वर्षं लेथवर होते. किसननगरच्या आमच्या खोलीत संध्याकाळी ते यायचे तेव्हा कपड्यांना कूलंटचा वास असायचा आणि बुटाच्या तळव्यात रुतलेल्या पोलादाच्या चिप्स आई चिमट्याने काढायची. त्यांनी कापलेले शाफ्ट कुठल्या कुठल्या पंपांत बसले, ते त्यांनाही माहीत नाही. एकाही शाफ्टवर त्यांचं नाव नाही. नाव असावं अशी अपेक्षा कुणी केली नाही, त्यांनीही नाही, आणि मीही गुरुवारपर्यंत केली नव्हती. खुद्द मीच काकांना आभारात ढकललं होतं, हे मला जास्त लागलं.

काकांनी केलं काय, ते सांगते. मी निओडिमियम निकेलेटच्या, म्हणजे निओडिमियम, निकेल आणि ऑक्सिजनच्या संयुगाच्या, पातळ फिल्म बनवते. लेसरचा झोत त्या पदार्थाच्या चकतीवर मारायचा, उडालेली वाफ तापलेल्या स्फटिकावर थराथराने बसवायची. वीस नॅनोमीटर जाडी, म्हणजे केसाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. हा पदार्थ साध्या तापमानाला धातूसारखी वीज वाहून नेतो आणि थंड करत गेलं की साधारण 200 केल्व्हिनला, म्हणजे उणे त्र्याहत्तर अंशाच्या आसपास, अचानक विद्युतरोधक होतो, वीज अडवतो. त्याच तापमानाला त्यातल्या निकेलचे चुंबकीय आघूर्ण, म्हणजे अणूंतले इवले चुंबक, एका ठरावीक मांडणीत उभे राहतात. (हे आकडे जाड तुकड्याचे, फिल्ममध्ये ते खालच्या स्फटिकाच्या ताणाने सरकतात, आणि ते का सरकतात हाच माझा विषय.) थंड करताना हा बदल एका तापमानाला होतो आणि परत तापवताना जरा वरच्या. आलेखावर या दोन रेघांमधलं अंतर पदार्थाचं स्वतःचं असतं. माझ्या फिल्ममध्ये ते एकोणीस अंश येत होतं. मी खूश होते. तीन महिने मी त्याच अंतरावर बसून तर्क रचले.

एका मंगळवारी काका क्रायोस्टॅटची, म्हणजे फिल्म थंड करायच्या यंत्राची, गळती बघायला आले होते. माझा आलेख पडद्यावर होता. त्यांनी विचारलं, थर्मामीटर कुठे आहे? मी म्हटलं, खालच्या तांब्याच्या ठोकळ्यात. आणि फिल्म? ती सर्किट बोर्डाच्या पट्टीवर चिकटवलेली, पट्टी दोन स्क्रूंनी ठोकळ्यावर. ते काही बोलले नाहीत. खाली वाकून त्यांनी नखाने पट्टी हलवून पाहिली. ती हलली.

मग त्यांनी मला वायबीसीओची फिल्म लावायला सांगितली. हा अतिवाहक, म्हणजे पुरेसा थंड केला की विजेला अडथळाच न करणारा पदार्थ. तो नव्वद केल्व्हिनच्या जरा वर वाहकता बदलतो, आणि चुंबकक्षेत्र नसताना त्याच्या दोन रेघांत अंतर असायचं कारणच नाही. वर जाताना आणि खाली येताना रेघ एकच हवी. माझ्या यंत्रात चार अंशांचं अंतर आलं.

चुकलं होतं ते सोपं आहे, म्हणूनच जास्त खुपतं. फायबरची पट्टी उष्णता नीट पोचवत नाही. थंड करताना ठोकळा फिल्मच्या पुढे धावतो, थर्मामीटर कमी आकडा दाखवतं. तापवताना ठोकळा आधी तापतो, थर्मामीटर जास्त दाखवतं. म्हणजे खोटं अंतर खऱ्या अंतराच्याच दिशेने पडतं, आणि त्यात बेमालूम मिसळून जातं. मिनिटाला पाच अंशांच्या घाईने मी मोजत होते, त्याने ते आणखी वाढलं.

काकांनी शुद्ध तांब्याचा नवा होल्डर कापला. फिल्मच्या बरोबर खाली, एक मिलिमीटरवर, थर्मामीटरसाठी भोक. बसणारा तळ आरशासारखा सपाट. सगळं स्पिरिटने धुऊन, कागदात गुंडाळून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. त्यात वायबीसीओच्या दोन रेघा एकावर एक बसल्या. निकेलेटचं अंतर चौदावर आलं. तीन महिन्यांचं मोजमाप टाकून द्यावं लागलं. पेपर चौदावर उभा आहे.

आता इथल्यांचं कौतुक करायचं तर पूर्ण करावं. इथल्या लायडन शहरात भौतिकशास्त्रज्ञ कामरलिंग ओन्नेस यांनी 1901 मध्ये उपकरणं बनवणाऱ्या कारागिरांसाठी शाळा काढली, ती अजून चालू आहे. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या निळ्या डगल्यातल्या शिकाऊ मुलांना ‘निळी मुलं’ म्हणत. 10 जुलै 1908 रोजी जगात पहिल्यांदा हेलियम द्रवरूप झालं, ते खेरिट यान फ्लिम या मुख्य तंत्रज्ञाच्या हाताखाली जोडलेल्या यंत्रावर. ते यंत्र लायडनच्या बूरहावे संग्रहालयात उभं आहे. मी त्याच्यापुढे बराच वेळ होते. काच, पितळ, डाख दिलेले सांधे. बाबा सोबत असते तर सांध्यांवरून हात फिरवायला मागितला असता.

पण म्हणून हे लोक जन्मतः मोठ्या मनाचे, असं मी मानत नाही. 1911 च्या एप्रिलमध्ये पाऱ्याचा विद्युतरोध नाहीसा झाला, अतिवाहकता सापडली. तेव्हा रोध मोजत होते खिलेस होल्स्ट, थंडाव्याचं यंत्र सांभाळत होते फ्लिम. शोधाच्या निबंधावर नाव आलं ते एकट्या ओन्नेस यांचं, आणि 1913 चं नोबेलही त्यांचंच. म्हणजे तिसऱ्या नावापर्यंत यायला यांनाही शंभर वर्षं लागली. आपल्याकडे कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बिस्मथ 0.53 मिलिकेल्व्हिनपर्यंत थंड करून त्यात अतिवाहकता दाखवली, 2017 मध्ये ते ‘सायन्स’मध्ये छापून आलं. एका केल्व्हिनच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम निम्मं तापमान! असलं काम वर्कशॉपच्या हातांशिवाय होत नाही, हे इथल्या मंडळींना मी आवर्जून सांगते, आणि ते मान डोलावतात.

तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. एमएस्सीनंतर ज्या प्रयोगशाळेत मी वर्षभर होते, तिचं नाव घेत नाही. तिथे वर्कशॉपमधून एक साधी क्लॅम्प हवी असली तर तीन प्रतींत फॉर्म, दोन सह्या आणि सहा आठवडे. ड्रॉइंग खिडकीतून आत द्यायचं. आतला मिस्त्री माझ्या बाबांच्या वयाचा होता. एकदा त्याने बाहेर येऊन सांगितलं की मॅडम, हे भोक इथे घेतलंत तर भिंत पातळ होईल. माझ्याबरोबरचा सीनियर म्हणाला, ड्रॉइंगप्रमाणे करा. क्लॅम्प पहिल्याच थंडाव्यात तडकली. त्या माणसाला कुणी सांगितलंही नाही की तुमचं बरोबर होतं. मीही नाही सांगितलं. वर्ष संपलं, मी निघून आले.

घरी फोन केला की शेजारच्या मावशी विचारतात, परत कधी येणार, तिकडेच का राहायचं? पगार, हवा, रस्ते अशी उत्तरं त्यांना अपेक्षित असतात. खरं उत्तर ती खिडकी आहे. इथे काका दहाच्या कॉफीला प्राध्यापकांच्या शेजारी बसतात आणि ‘हे चुकीचं आहे’ असं तोंडावर म्हणतात. इथल्या पावसाला, थंड पावाच्या जेवणाला आणि सहा वाजता बंद होणाऱ्या दुकानांना मी कंटाळले आहे. आईच्या हातच्या आमटीची आठवण काढून रविवारी रडलेही आहे. पण त्या कॉफीच्या टेबलासाठी मी अजून दोन वर्षं काढीन.

शुक्रवारी बाबांना व्हिडिओ कॉल केला. यादीबद्दल सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “होल्डर दाखव.” मी कॅमेऱ्यासमोर धरला.

“बाळा, उजेडाकडे तिरका कर.” केला. “टूलची खूण दिसत नाही कुठे. तांबं चिकट असतं, टूलला लागतं, फाटतं. धार चांगली ठेवलीय त्याने.” मग चष्मा काढून जवळ येऊन, “भोक किती?”

“तीन मिलिमीटर, बाबा.”

“रीमर मारलाय. नुसत्या ड्रिलने एवढं गोल येत नाही. केरोसीन टाकतो का कापताना? विचार त्याला.”

सोमवारी विचारलं. काका म्हणाले, स्पिरिट. तेलकट काही राहिलं तर निर्वात पंपाला त्रास होतो. बाबांना ते पटलेलं नाही. त्यांच्या मते केरोसीनने कापून नंतर धुवावं, पृष्ठभाग जास्त चांगला येतो. काकांनी उरलेल्या तांब्याचा एक तुकडा वेगळा ठेवलाय, दोन्ही तऱ्हांनी कापून बघायला. येत्या शनिवारी दोघं कॉलवर बोलणार आहेत, मध्ये मी.