हात कुठे ठेवायचा, हे ठरलेले असते

नोकरीसाठी गोव्यात येऊन राहिलेल्या मराठी माणसाला इथली कोकणी, इथली मासळी आणि इथला पाऊस यांची सवय लवकर होते. अडते ते पहिल्या ख्रिस्ती लग्नाच्या आमंत्रणापाशी. चर्चमधला विधी आटोपला की संध्याकाळी हॉलमध्ये बँड सुरू होतो, केक कापला जातो, पेले उंचावून शुभेच्छांचे टोस्ट होतात, नवरा-नवरी पहिले नृत्य करतात आणि मग पाहता पाहता सगळा हॉल जोड्याजोड्यांनी मधल्या मोकळ्या जागेत उतरतो. सत्तरीच्या आजीसुद्धा उतरतात. साताऱ्यात वाढलेल्या माझ्यासारखीला, जिला वरातीत नाचायचे झाले तरी मैत्रिणींच्या घोळक्याचा आडोसा लागतो, तिथे जेवणाची थाळी धरून बसण्यावाचून दुसरे काही सुचत नाही. कार्यालयातल्या सहकाऱ्यांची लग्ने एकामागून एक येऊ लागली, तेव्हा मी पणजीतल्या एका नृत्यवर्गात, वॉल्ट्झ हा जोडीने करायचा पाश्चात्त्य नाच शिकायला, नाव घातले. आईने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "कोणाबरोबर?"

प्रश्न रास्त होता, पण त्याचे उत्तर आईला पटण्यासारखे नव्हते, कारण या वर्गांत जोडीदार घेऊन जावे लागत नाही. पुरुष आणि स्त्रिया दोन वर्तुळांत समोरासमोर उभे राहतात, काही मिनिटे एका जोडीदाराबरोबर सराव होतो, सर "चेंज" म्हणतात आणि एक वर्तुळ एका माणसाने पुढे सरकते. तासाभरात वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाशी गाठ पडते. ही पद्धत लाजऱ्या माणसाला छळणारी वाटते. प्रत्यक्षात तिच्याइतकी त्याच्या सोयीची दुसरी पद्धत नाही. कोणाची निवड करावी लागत नाही, कोणी आपल्याला निवडले नाही म्हणून कोपऱ्यात उभे राहावे लागत नाही, आणि एखाद्याबरोबर फारच अवघडल्यासारखे झाले तरी ते थोड्याच वेळात संपणार, हे आधीच माहीत असते.

लाजाळू माणसाला धीर कमी असतो असे आपण समजतो. माझे मत आता वेगळे आहे. अनोळखी माणसासमोर नेमके काय करायचे, किती जवळ उभे राहायचे, बोलायचे की गप्प बसायचे, यातले काहीच ठरलेले नसते, म्हणून त्याची गाळण उडते. वॉल्ट्झमध्ये मात्र सगळेच ठरलेले आहे. पुरुषाचा उजवा तळवा स्त्रीच्या डाव्या खांद्याच्या पात्यावर, तिचा डावा हात त्याच्या दंडावर, उरलेले दोन हात बाजूला एकमेकांत. नजरही ठरलेली असते: समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचे नसून त्याच्या उजव्या खांद्यावरून पलीकडे पाहायचे असते. हे कळले तेव्हा मला केवढे हायसे वाटले! या ठरलेपणाची दुसरीही बाजू आहे. पुरुषाचा हात त्या जागेवरून खाली घसरला, तर काहीतरी चुकते आहे हे सांगण्यासाठी स्त्रीला शब्द शोधत बसावे लागत नाही. ती हात सोडून मागे सरकू शकते, आणि आमच्या सरांनी ही गोष्ट पहिल्याच दिवशी सर्वांसमोर स्पष्ट केली होती.

तालाची भीती मराठी माणसाने बाळगण्याचे कारण नाही. वॉल्ट्झचा ताल तीन मात्रांचा असतो आणि पहिली मात्रा ठळक असते. त्यातली सर्वांत पहिली शिकवली जाणारी चौकोनी चाल सहा पावलांत पुरी होते, म्हणजे दादरा या आपल्या सहा मात्रांच्या तालाच्या एका आवर्तनात ती नेमकी बसते. मी मनातल्या मनात 'धा धी ना, धा ती ना' म्हणतच ती पक्की केली. खरी पंचाईत हातांची झाली. लाजेने माझे हात इतके ढिले पडत की जोडीदार पुढे निघाला तरी त्याचा इशारा माझ्यापर्यंत पोहोचत नसे, कारण तो इशारा मनगटातून येत नाही, छातीतून निघतो आणि ताठ ठेवलेल्या बाहूंतून पलीकडे जातो. हे मला मंगळागौरीच्या फुगडीने समजावले. फुगडीत दोघींनी हात ताणून एकमेकींना तोलून धरले नाही तर दोघी पडतात. इथे ताण पुष्कळ कमी असतो, तत्त्व तेच. शिवाय पायांकडे पाहायचे नाही. चार-साडेचार किलोचे डोके पुढे झुकले की तोल जातो आणि पाऊल आणखीच चुकते.

घरी जमणारी चाल लग्नाच्या हॉलमध्ये का बिघडते, याचेही उत्तर आहे. रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने 1965 साली मांडले की इतरांच्या उपस्थितीत पक्की येणारी गोष्ट अधिक चांगली होते आणि कच्ची गोष्ट अधिक वाईट होते. 1969 मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे झुरळांवरही करून पाहिले: इतर झुरळे पाहत असताना सरळ वाटेवरून झुरळ जास्त वेगाने पळाले, चक्रव्यूहात मात्र ते रेंगाळले. झुरळाची जर ही अवस्था, तर आमचे काय! म्हणून नव्या, दिखाऊ गिरक्या वर्गापुरत्या ठेवाव्यात आणि समारंभात डोळे मिटूनही जमतील अशा दोन-तीनच चाली वापराव्यात, हा सरांचा सल्ला मी तंतोतंत पाळते.

समारंभातले शिष्टाचारही तितकेच नेमके आहेत. हात पुढे करून विचारायचे; समोरच्याने "हे नको, पुढचे गाणे" म्हटले तर मान तुकवून परत फिरायचे; गाणे तीन-चार मिनिटांत संपते, मग आभार मानून जोडीदाराला जागेपर्यंत सोडायचे. जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने हॉलभर फिरतात, त्यामुळे नवख्याने मधल्या भागात राहिलेले बरे. इथे मावशी-मावशी, आजी-नातू अशा जोड्याही सर्रास दिसतात, आणि सुरुवात त्यांच्यापैकी कोणाबरोबर करणे सर्वांत सोपे. ज्यांना स्पर्शच नको वाटतो त्यांच्यासाठी गोव्याकडे स्वतःचा मांडो आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या ख्रिस्ती समाजात घडलेल्या या संथ नृत्यगीतात स्त्री-पुरुष समोरासमोर दोन रांगांत, हातात पंखे आणि रुमाल घेऊन, घुमट हे मातीचे चर्मवाद्य आणि व्हायोलिन यांच्या साथीने पुढे-मागे होतात.

कोणाला शिकायचे असेल तर पावसाळ्यात सुरुवात करावी, म्हणजे नाताळानंतरच्या लग्नसराईपर्यंत पाय तयार होतात. पुढे कार्निव्हलचा उत्सव संपून लेंट, म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ, लागला की ईस्टरपर्यंत ख्रिस्ती लग्ने सहसा होत नाहीत. रबरी तळव्याच्या चपला घालू नयेत. त्या फरशीला धरून राहतात आणि वळताना गुडघ्याला पीळ बसतो. रुमाल दोन न्यावेत, कारण गोव्याच्या दमट हवेत तळवे सगळ्यांचेच घामेजतात. माझ्या फोंड्याच्या सहकारिणीने यंदा नाव नोंदवले आहे. तिच्या यजमानांना मात्र "बघू" या उत्तराच्या पुढे न्यायला तिला अजून जमलेले नाही.