उपाशीपोटी बारबेल: भुसावळच्या उन्हाळ्यातला लॉग

मे संपत आलाय आणि स्क्वॉट (खांद्यांवर वजनाचा बार घेऊन बैठक) ७० किलोवर ५ चे ३ सेट, म्हणजे सलग ५ बैठका असं ३ वेळा, निघतायत, सगळे सकाळी, पोटात पाणी आणि चहा यांशिवाय काही नाही. फेब्रुवारीत हेच ६० वर होतं आणि तेव्हा मी संध्याकाळी, व्यवस्थित खाऊनपिऊन करायचे. म्हणून जरा सविस्तर लिहितेय, कारण आपल्याकडे अनशापोटी वजन उचलायचं म्हटलं की दोनच मतं ऐकू येतात, एक तर चरबी जाळायला हाच रामबाण, नाहीतर चक्कर येऊन पडशील. माझा अनुभव दोन्हीत बसत नाही.

वेळ बदलली ती भुसावळच्या उन्हामुळे. बार, रॅक, प्लेट्स सगळं मागच्या पत्र्याच्या खोलीत आहे आणि एप्रिल लागला की संध्याकाळी सातलासुद्धा पत्र्याला हात लावता येत नाही, पारा ४५ च्या आसपास खेळतो, त्यात हेवी सेट कोण मारणार. म्हणून पहाट. आता पहाटे व्यायाम आणि त्याच्या आधी नाश्ता, मग तो पचायला दीड-दोन तास थांबा, तोपर्यंत ऊन डोक्यावर आणि ह्यांची रेल्वेची ड्युटी, डबा, माझं ऑफिस सगळं एकदम अंगावर येतं. तेव्हा आधी बार, मग भाकरी असं ठरलं. सासूबाई पारोळ्याकडच्या, त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "उपाशी पोटे इतलं वजन काय उचली ऱ्हायनी वं?" आणि प्रश्न अगदी रास्त होता.

त्याचं उत्तर असं आहे की रात्रभर उपाशी राहून जे रिकामं होतं ते मुख्यतः यकृतातलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवून ठेवलेली साखर, साधारण १०० ग्रॅमचा साठा, त्यातून रात्रभर मेंदूला साखर जात असते. स्नायूंमधला साठा त्याच्या कितीतरी पट, ४०० ग्रॅमच्या आसपास, आणि स्नायू तो रक्तात सोडूच शकत नाहीत, तो ज्याचा त्यालाच वापरता येतो, म्हणजे आपण झोपलेलो असताना मांड्यांमधला साठा जवळपास जिथल्या तिथेच असतो. आणि ५ रेप्सचा (रेप म्हणजे एकदा उचलणं) सेट संपतो अर्ध्या मिनिटाच्या आत, त्याला ताकद येते मुख्यतः फॉस्फोक्रिएटिनमधून, म्हणजे स्नायूंमधल्या झटपट ऊर्जेच्या साठ्यातून, जे ३ ते ५ मिनिटं नीट विश्रांती घेतली की बरंचसं भरून येतं. म्हणून कमी रेप्स, जड वजन, लांब विश्रांती हा प्रकार उपाशीपोटी मस्त जमतो. विश्रांती कापू नका एवढंच, घाई असेल तर एक सेट कमी करा.

लंजेसचं, म्हणजे एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवायच्या व्यायामाचं, मात्र वेगळं आहे. १२-१५ रेप्स, एकामागोमाग सेट, मधे मिनिटभर विश्रांती, इथे ग्लायकोजेन भराभर लागतं आणि रक्तातली साखर आधीच खालच्या बाजूला असते, मला तिसऱ्या सेटला पाय एकदम पोकळ वाटायला लागतात. त्या दिवशी मी अर्ध्या तासाआधी एक केळं खाते, सरळ. रावेर-यावलचा पट्टा शेजारी, जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास कर्ब्ज असतात आणि ते पोटात जडही होत नाही, मग प्री-वर्कआउटचे, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या पावडरीचे, डबे कशाला आणायचे सांगा. उपाशीपोटीचा नियम मोडला म्हणून वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही, ते काही व्रत नव्हे.

सकाळचा सेट खरं तर आदल्या रात्री ठरतो. रात्री खिचडी, वरून कच्चं तेल, सोबत पापड आणि कढी असेल तर दुसऱ्या दिवशी बार हलका लागतो. तर्रीवाली शेवभाजी झाली असेल तर स्क्वॉटला पोट टाइट करून श्वास धरला की आंबट घशाशी येतं, म्हणून शेवभाजी आता फक्त रेस्ट डेच्या आदल्या रात्री. आणि जेवण नऊच्या आत.

पहिले दोन-तीन आठवडे आकडे पडले, हे आधीच सांगून ठेवते म्हणजे कोणी घाबरून सोडणार नाही. ६० चं ५७.५ झालं. पण ते उपाशी असल्यामुळे कमी आणि सकाळ असल्यामुळे जास्त, असं माझं मत आहे. शरीराचं तापमान पहाटे सगळ्यात कमी असतं आणि दुपार उलटून गेल्यावर सगळ्यात जास्त, ताकदही साधारण त्याच्याच मागे चालते. रोज त्याच वेळेला उचलत राहिलं की शरीराला सवय होते आणि फरक बराच कमी होतो, माझंही तसंच झालं. वॉर्मअप मात्र वाढवलाय, १५ किलोचा बार रिकामा दोन सेट, मग ३०, ४५, ५५, ६२.५ आणि मग ७०. संध्याकाळी यातल्या दोन पायऱ्या मी खाल्ल्या असत्या.

आता कंबर. याबद्दल आपल्यात फार कमी बोललं जातं आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणूनच सकाळी आपली उंची सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जास्त भरते, आणि फुगलेल्या चकतीवर वाकताना जास्त ताण येतो. कॅनडाचे स्टुअर्ट मॅकगिल, ज्यांनी आयुष्यभर पाठीच्या कण्यावर काम केलं, ते उठल्याउठल्या कंबरेत वाकायचे व्यायाम टाळा असं कायम सांगतात. उभं राहिलं, चाललं की चकत्यांमधलं जास्तीचं पाणी हळूहळू निघतं आणि त्यातलं बरंचसं पहिल्या तासातच. म्हणून उठल्यावर तासभर मी डेडलिफ्टला (वाकून जमिनीवरून बार उचलणं) हात लावत नाही. पण बायांनो, नुसता डेडलिफ्ट कशाला, आपल्याकडे नळ येतो तेव्हा उठल्याउठल्या भरलेल्या बादल्या आणि हंडे वाकून उचलायचे हासुद्धा डेडलिफ्टच आहे, आणि खराटा घेऊन अंगण झाडणं म्हणजे नुसतं वाकणंच. आमच्याकडे आता झाडलोट उशिरा होते आणि पाणी भरायला मुलगा उठतो.

त्या तासात काय करते, तर दोन ग्लास पाणी, त्यात चिमूटभर मीठ आणि लिंबू, उन्हाळ्यात रात्रभर घाम गेलेला असतो. लोकांना येणारी चक्कर बऱ्याचदा भुकेपेक्षा या कोरडेपणामुळे असते, श्वास धरून जोर लावला की बीपी चढतो आणि सोडला की झपकन उतरतो, अंगात पाणी कमी असेल तर डोळ्यांपुढे अंधारी येणारच. मग कपभर चहा, कॅफिनला चढायला अर्धा-पाऊण तास लागतो तेवढा मिळतो. ज्यांना इन्शुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी हे असलं काही डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात करू नका, तिथे साखर खरंच धोकादायक पातळीला उतरू शकते.

चरबीचं म्हणाल तर व्यायामावर संशोधन करणारे ब्रॅड शोनफेल्ड यांच्या टीमने २०१४ मध्ये २० तरुण मुलींवर प्रयोग केला होता, एक गट उपाशी कार्डिओ करणारा, एक खाऊन, आहार दोघींचा सारखाच मोजूनमापून कमी, आणि ४ आठवड्यांनी दोन्ही गटांची चरबी घटली पण फरक म्हणावा असा नाही. तो कार्डिओ होता, वजनं नव्हती, पण अपेक्षा कुठे ठेवायच्या ते त्यावरून कळतं. आणि स्पर्धेतले लिफ्टर तर वजनकाट्यापर्यंतच पोट रिकामं ठेवतात, वजन होतं स्पर्धेच्या दोन तास आधी, मग खाऊनच प्लॅटफॉर्मवर जातात. २००० साली सिडनीत २४० किलो उचलून कर्णम मल्लेश्वरीने ब्राँझ आणलं तो खेळ असाच चालतो.

नाश्त्यावर मात्र माझं खरं प्रेम आहे. कळण्याची भाकरी, दादर ज्वारीत अख्खे उडीद दळलेले. ज्वारीत लायसिन कमी आणि उडदात मिथिओनिन कमी (दोन्ही प्रोटीनचे घटक), दोन्ही धान्यं एकत्र आले की एकमेकांची उणीव भरून काढतात, आणि हे खान्देशातल्या बाया कधीपासून करत आल्यात याचा मला खूप अभिमान वाटतो. सोबत ३ अंडी, वाटीभर दही, ठेचा, म्हणजे प्रोटीन ३० ग्रॅमच्या वर जातं. माझं वजन ५८, किलोमागे १.६ ग्रॅम धरले तर दिवसाला ९३, त्यातला तिसरा हिस्सा इथेच झाला. रविवारी अंड्यांऐवजी फुनके आणि कढी, तूरडाळीचे वाफवलेले फुनके. दुसरा चहा जेवल्यावर तासाभराने, कारण चहातल्या टॅनिनमुळे भाकरीतलं लोह नीट शोषलं जात नाही आणि आपल्या बायकांना ते आधीच कमी पडतं.

जूनमध्ये स्क्वॉट ७० वरच ठेवून ५ चे ५ सेट करणार, मग ७२.५. डेडलिफ्ट ८५ वर आहे, तो आठवड्यातून एकदाच, शनिवारी, उठल्यापासून दीड तासाने. पाऊस सुरू झाला की संध्याकाळही मोकळी होईल पण मी सकाळच ठेवणार आहे, लंजेस तेवढे संध्याकाळी हलवून बघते.